आतलं कडं

व्हिडिओ कॅसेटच्या काळात चोरीची प्रत ओळखायला फारशी अक्कल लागत नसे. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की दर खेपेला चित्र थोडं विरायचं. दुसऱ्या प्रतीत साडीचा लाल रंग काठ सोडून बाहेर सांडायचा. तिसऱ्या प्रतीत नायिकेचे ओठ चेहऱ्यापासून सुटून बाजूला तरंगायचे, आणि त्यापुढच्या प्रतीत भर उन्हातल्या प्रसंगातही पाऊस पडायचा. गणपतीत चौकात भाड्याचा व्हीसीआर लावून रात्रभर पिक्चर बघणाऱ्या आमच्या पिढीनं निम्मा अमिताभ त्या पावसातच पाहिला.

सीडी आली आणि ही सोय संपली. सीडीवर असतात नुसते आकडे. आकड्यांची नक्कल केली तरी आकडे तेच राहतात. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत पडद्यावर सारखीच दिसते. पडद्याकडे बघून कळेना, म्हणून मग सीडीच हातात घेऊन उलटीपालटी करून बघणं आलं. हे काम सांगलीत माझ्या दादाइतक्या मनापासून दुसरं कुणी करत असेल असं वाटत नाही. गावभागात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याची सीडी लायब्ररी होती. तो जाऊन आता काही वर्षं झाली. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याच्या स्वभावाबद्दल लिहा, असं वहिनी म्हणते. पण सीडी बाजूला ठेवून दादाचा स्वभाव वेगळा काढून दाखवणं मला जमत नाही.

सीडी धरायची त्याची एक रीत होती. मधल्या भोकात तर्जनी, कडेला अंगठा; चकाकत्या बाजूला बोट लागता कामा नये. मग ट्यूबलाइटखाली ती तिरकी करायची. पाठ पांढरी, चांदीच्या रंगाची असली तर ती कारखान्यात छापलेली: साच्यानं प्लास्टिकवर बारीक खड्डे उठवलेले आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. पाठ हिरवट किंवा निळसर दिसली तर कोरी सीडी आणून कॉम्प्युटरवर राईट केलेली. तिच्यात खड्डे नसतात, एका रंगाचा थर असतो आणि तो लेझरनं जागोजाग भाजलेला असतो. डीव्हीडी राईट केलेली असली तर पाठ जांभळी. एवढं तर चौकातल्या पोरांनाही यायचं. पण पाठ पांढरी म्हणजे माल ओरिजनल, असं कुणी म्हणालं की दादा गालात हसायचा. धंदा मोठा झाला की चोरीचाही कारखाना निघतो. परदेशात साच्यावर छापलेल्या, पांढऱ्या पाठीच्या, वरून झकास रंगीत छपाई केलेल्या नकली सीडी त्या काळात सर्रास यायच्या. त्या ओळखायला पाठ उपयोगाची नव्हती.

त्यासाठी गल्ल्यात घड्याळजीचं भिंग ठेवलेलं असायचं. ते डोळ्याला लावून तो भोकाभोवतीचं आतलं कडं वाचायचा. चकाकता भाग जिथं संपतो तिथं एक अरुंद पट्टा असतो, त्यावर मास्टरचा नंबर कोरलेला असतो. शिवाय १९९४ साली फिलिप्स कंपनी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची आयएफपीआय ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून एक पद्धत सुरू केली, की कारखान्यानं आपली खूण सीडीवर उमटवायची. खुणा दोन. एक मास्टर कोरणाऱ्या यंत्राची, तिचा आकडा एल या अक्षरानं सुरू होतो. दुसरी, ज्या साच्यात ती सीडी ओतली त्या साच्याची. ही पार आत, पारदर्शक प्लास्टिकवर असते. दोन्हींच्या आधी आयएफपीआय ही चार अक्षरं, ज्वारीच्या दाण्यावर मावतील एवढी. चोरीच्या कारखान्यात एक तर ही खूण नसतेच, नाहीतर साच्यावरून घासून काढलेली असते. घासलेल्या जागी प्लास्टिक जरा धुरकट दिसतं. तो धुरकट डाग सापडला की दादा भिंग काढून आपल्याकडं असा बघायचा, जणू त्यानं तो घासणारा माणूस रंगेहाथ पकडलाय. कोऱ्या सीडीवरही कधी कधी असे आकडे असतात, पण ते कोरी सीडी बनवणाऱ्याचे, पिक्चरशी त्यांचं काही देणंघेणं नाही, हेही तो बजावायचा. एका शंभरपानी वहीत त्यानं हे आकडे उतरवून ठेवले होते: कुठल्या कंपनीचा पिक्चर, कडेला काय कोरलंय, साच्याचा नंबर कुठला. ही वही त्याला कुणी मागितली नव्हती. गिऱ्हाईक एवढंच विचारायचं, "प्रिंट क्लिअर आहे नव्हं?"

दुकानात दोन भिंती होत्या. उजव्या भिंतीवर ओरिजनल, दिवसाला दहा रुपये. डाव्या भिंतीवर डुप्लिकेट, पाच रुपये. तो तोंडावर सांगायचा, "ही डुप्लिकेट आहे, मध्येच अडकली तर पैसे परत नाहीत." लोक डावीकडूनच घेऊन जायचे. परत आलेल्या सीडी भिंती बदलू नयेत म्हणून डुप्लिकेट सीडीच्या आतल्या कड्यावर तो काळ्या मार्करनं ‘डु’ असं लिहून ठेवायचा. जिथं कारखानदारानं आपली खूण ठेवायची तिथं दादाची खूण. माल आणायला तो महिन्या-दोन महिन्यांतून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचा. उजव्या भिंतीचा माल बिलावर मिळायचा. डावीचा मनीष मार्केट, मुसाफिरखान्याच्या गल्ल्यांतून, रोखीनं, पिशवीतून. म्हणजे दादा काही धुतल्या तांदळाचा नव्हता. तसं त्यानं कधी भासवलंही नाही. गंमत अशी की उजवी भिंतही कायद्यानं निर्मळ नव्हती. ओरिजनलच्या कव्हरवर मागं बारीक अक्षरात छापलेलं असायचं: फक्त घरगुती वापरासाठी, भाड्यानं देण्यास मनाई. पिक्चरची प्रत भाड्यानं द्यायचा हक्क कॉपीराइट कायद्यानं मालकाकडं ठेवलेला आहे, आणि भिंगानं साच्याचा नंबर वाचणाऱ्या माणसाला ही ओळ दिसली नसेल असं कसं म्हणायचं? "सगळंच वाचायचं म्हटलं तर दुकान बंद करावं लागेल," एवढंच तो म्हणायचा.

एक गोष्ट मात्र त्यानं केली नाही. वालचंद कॉलेजच्या होस्टेलवर सीडी रायटर आले, कोरी सीडी दहा-पंधरा रुपयांना मिळायला लागली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं की मुंबईच्या खेपा कशाला, घरीच मार. तो म्हणाला, "आणलेली निराळी आणि केलेली निराळी." हा फरक मला तेव्हा पटला नव्हता आणि अजूनही पटलेला नाही. चोरीचा माल घेणाऱ्यानं असा हिशेब मांडावा हे जरा सोयीचंच आहे. पण त्याच्या हिशेबाला तो शेवटपर्यंत चिकटून राहिला.

कव्हर वाचण्यात त्याला खरी मजा यायची. पुढं सनी देओल पिस्तूल घेऊन उभा, आणि मागं दिग्दर्शक-संगीतकारांची यादी भलत्याच कौटुंबिक पिक्चरची. नायकाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. चार वेगवेगळ्या पिक्चरांच्या कव्हरवर एकच बारकोड. पोस्टरचा फोटो, त्या फोटोची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं होत होत चेहरे तांबूस झालेले. म्हणजे सीडीवरचं चित्र विरत नव्हतं ते कव्हरवर विरत होतं. होलोग्राम चिकटवलेला, पण तो नखानं अख्खा निघायचा. कॉपीराइट कायद्याच्या ५२अ कलमाप्रमाणे अशा डब्यावर सेन्सॉरच्या सर्टिफिकेटची प्रत, व्हिडिओ प्रत काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि मूळ हक्कदाराचं नाव-पत्ता लागतो. डुप्लिकेटवर पत्ताच नसायचा. "चिठ्ठी कुठं टाकायची ते तरी लिहा की," दादा कव्हरला म्हणायचा. लेबलही तसंच. ओरिजनलचं लेबल सीडीवरच छापलेलं असतं. डुप्लिकेटला कागदी स्टिकर चिकटवलेला, तो मधोमध बसला नाही की प्लेअरमध्ये सीडी घरघरायची. ती घरघर स्वयंपाकघरातून ऐकून वहिनी सांगायची, डावीकडची लावलीय.

पिक्चर सुरू झाला की आम्ही नावं वाचायचो, दादा सर्टिफिकेट वाचायचा: रिळं किती, लांबी किती मीटर. सर्टिफिकेटच नसलं तर प्रत परदेशातनं फिरून आलीय असा त्याचा कयास, आणि थोड्या वेळानं खालच्या पट्टीत कुठल्या तरी परक्या शहरातल्या दुकानांच्या जाहिराती सरकायला लागल्या की तो मान डोलवायचा. व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, त्यामुळं हिंदी पिक्चरला दोन नाहीतर तीन सीडी लागायच्या. ओरिजनल काढणारा बहुतेक वेळा प्रसंग संपल्यावर सीडी तोडतो. डुप्लिकेट काढणाऱ्याला प्रसंगाशी कर्तव्य नसतं. नायिका "मी तुला एक सांगू का" म्हणाली की सीडी संपली. उठा, बदला, मग ती सांगणार. थेटर प्रिंट ओळखायला तर कशाचीच गरज नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यातून डोकी उठून मुतायला जायची, विनोदाच्या आधीच कुणीतरी हसायचं, आणि मध्येच सगळं चित्र तिरकं व्हायचं. कॅमेरा धरणाऱ्याचा हात अवघडला असणार. दादा थेटर प्रिंट डाव्या भिंतीवरही ठेवत नसे. ‘हम आपके हैं कौन’च्या वेळी, १९९४ साली, निर्मात्यांनी व्हिडिओचे हक्क बराच काळ विकलेच नव्हते आणि लोक झक मारत थेटरात गेले, हे तो कौतुकानं सांगायचा. त्यात त्याच्या धंद्याचं नुकसान होतं हे त्याच्या ध्यानात यायचं नाही, किंवा आलं तरी तो सांगायचा.

आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा न्यू जर्सीला होता. त्यानं आईला चार-पाच हिंदी पिक्चरांच्या डीव्हीडी पाठवल्या, जाड डब्यातल्या, तिथल्या दुकानातून घेतलेल्या. एकही लागेना. बाई त्या घेऊन दादाकडं आल्या, म्हणाल्या, पोराला फसवलं वाटतं तिकडं. दादानं भिंग लावलं, कडं वाचलं, आणि डब्यामागची पृथ्वीगोलावरची १ ही खूण त्यांना दाखवली. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका विभाग १, आपण ५. तिकडची ओरिजनल इकडच्या ओरिजनल प्लेअरवर चालू नये अशीच ती व्यवस्था. डुप्लिकेटवर असली बंधनं नसायची, ती कुठंही चालायची. शिवाय ओरिजनल डीव्हीडी लावली की चोरी करू नका म्हणून दटावणारी पाटी यायची, ती पुढं ढकलता येत नसे. म्हणजे ज्यानं पैसे भरून घेतली त्यालाच दम. दादानं बाईंना त्यातलेच दोन पिक्चर डाव्या भिंतीवरून काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्या गेल्यावर तो बराच वेळ त्या अमेरिकेच्या डीव्हीडी बघत बसला होता. दोन थरांची डीव्हीडी असते, साडेआठ जीबीची, तिच्या पाठीला किंचित सोनेरी झाक असते. "काय छपाई आहे बघ," तो म्हणाला. आत काय आहे ते त्याला बघता येणार नव्हतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

त्या दिवसांत एकदा शेजारच्या गावात एका दुकानावर धाड पडली. कंपनीचा माणूस यायचा होता, तो आला नाही. एक हवालदार दादाचं जुनं गिऱ्हाईक. तो मोटारसायकलवरून दुकानात आला. "ओळखायला माणूस पाहिजे, जरा चला की." दादानं भिंग खिशात टाकलं. मी मागोमाग गेलो. दुकानातला माल जाजमावर ओतलेला होता आणि दुकानदार सगळ्यांना चहा देत उभा होता. दादा मांडी घालून बसला आणि एकेक सीडी तिरकी करून दोन ढीग करायला लागला. हिरव्या पाठीच्या डावीकडं, त्यात वेळ जायचं कारण नव्हतं. मग एक गठ्ठा आला, कव्हरं गुळगुळीत, पाठी पांढऱ्या, होलोग्राम जागच्या जागी. दुकानदार म्हणाला, "त्या बघायला नकोत, बिल आहे माझ्याकडं." बिल खरोखर होतं. पूर्ण भावानं घेतलेला माल होता. दादानं भिंग लावलं. पहिलीचं कडं पाहिलं, दुसरीचं पाहिलं, मग सबंध गठ्ठा पाहिला. प्रत्येक सीडीवर तोच धुरकट डाग, त्याच जागी. त्यानं तो गठ्ठा डावीकडं ठेवला.

"अहो, बिल खरं आहे."

"बिल खरं आहे," दादा म्हणाला. "सीडी नाही."

येताना आम्ही दोघंही बोललो नाही. मला राग आला होता. त्या माणसाला तो गठ्ठा सोडता आला असता. हवालदाराला काय, पांढरी पाठ दिसली असती, विषय मिटला असता. आणि आमच्या घरी सबंध डावी भिंत भरलेली. रात्री दादानं त्या भिंतीवरच्या सीडी उतरवून पोत्यात भरल्या आणि कॉटखाली ढकलल्या. आठवडाभरानं परत लावल्या. भिंग लावल्यावर खोटं कसं सांगायचं ते त्याला येत नव्हतं, आणि भिंग काढल्यावर त्याला संसार होता. दोन्ही एकाच माणसात मावलेलं मी पाहिलं आहे, त्यामुळं त्याच्यावर निकाल द्यायचं काम माझ्याच्यानं होत नाही.

डावी भिंत रिकामी केली ती शेवटी पोलिसांनी नाही, किमतीनं. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर ही कोऱ्या सीडी बनवणारी बडी कंपनी पिक्चरांच्या धंद्यात उतरली आणि तिनं २८ रुपयांना व्हीसीडी, ३४ ला डीव्हीडी काढली. ओरिजनल. कव्हरवर पत्ता, कडेला खूण, सगळं जिथल्या तिथं. डुप्लिकेटपेक्षा काही रुपयेच जास्त. दादा इतका खूश मी क्वचित पाहिला. लोक आता भाड्यानं न नेता विकत नेणार, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं दोन्ही भिंती त्याच मालानं भरल्या. २००९ साली महाराष्ट्र सरकारनं झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले वगैरेंसाठी केलेल्या १९८१ च्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही घातलं, वर्षभर स्थानबद्ध ठेवता येईल असं. पेपरातली ती बातमी त्यानं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. "थोडक्यात वाचलो," म्हणाला, "नाहीतर हातभट्टीवाल्याच्या पंगतीला बसलो असतो."

पण तोवर लोकांना सीडीच नको झाली होती. पेन ड्राईव्ह आले, मग मोबाईलच्या दुकानावर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. दादानं लायब्ररी बंद केली, पुढच्या खोलीत स्टेशनरी ठेवली. २०१६ च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाआधीच फुटला, तेव्हा माझ्या पुतण्यानं तो मोबाईलवर आणला होता. चित्राच्या वर इंग्रजीत ‘सेन्सॉरसाठी’ अशी अक्षरं होती. दादा म्हणाला, बघू. त्यानं मोबाईल हातात घेतला, दोन मिनिटं पाहिला, आणि मग सवयीनं तो उलटा करून ट्यूबलाइटखाली तिरका धरला. पोरं हसली. तोही हसला. मोबाईल परत देत म्हणाला, "ह्याला पाठच नाही की रे." त्या दिवशी मला त्यात गंमतच वाटली. आता वाटतं, त्याला जे येत होतं त्याचा शेवट त्या क्षणी झाला. नकली माल पुढंही निघत राहिला, चोऱ्या चालूच राहिल्या, पण हातात धरून तिरकं करून बघावं असं काही उरलं नाही. पिक्चर कुठून येतो, कुठं जातो, कशावर असतो, कुणाला सांगता येत नाही. महिन्याचे पैसे भरणं बंद केलं की अख्खी भिंत गायब.

त्याला मधुमेह होता. डोळ्यांच्या पडद्याला सूज आली, लेझरचे उपचार झाले, पण बारीक अक्षर गेलं ते गेलंच. मी पुण्याहून आलो की तो मला भिंग देऊन कडं वाचायला लावायचा. "आयएफपीआय दिसतंय? पुढं एल आहे का? त्याच्या शेजारी घासलंय का बघ." मी वाचायचो आणि तो बोटानं लेबल चाचपून, स्टिकर आहे की छपाई, ते मी सांगायच्या आधी सांगायचा. ह्या वाचनाचा आता उपयोग काय, असं मी विचारलं नाही. आमच्यात बोलायला दुसरं फार काही नव्हतं आणि हे पुरत होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली. गावभागात पाणी शिरलं, आमच्या माळ्याच्या खालच्या फळीपर्यंत आलं. ओसरल्यावर गाळ उपसून आम्ही सीडींच्या पेट्या गच्चीवर आणल्या. कागद सगळा लगदा झाला होता. कव्हरं गेली, वही गेली. सीडी मात्र साध्या पाण्यानं धुतल्या की स्वच्छ होत होत्या. मी बादलीत बुचकळून देत होतो, वहिनी फडक्यावर मांडत होती. ओरिजनलवर नाव छापलेलं होतं ते तसंच राहिलं. डुप्लिकेटचे स्टिकर सुटून बादलीत तरंगायला लागले, आणि त्या सीडी कुठल्या पिक्चरच्या हे कायमचं गेलं. राहिलं ते कड्यावरचं काळं ‘डु’. दादा खुर्चीवर बसून विचारत होता, "मार्कर टिकलाय का?" टिकला होता. वहीबद्दल त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, पण त्याला कळलं असणार, कारण पुढं त्यानं ती कधी मागितली नाही.

त्यानंतरच्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो गेला.

आमच्या आप्पांच्या साठीशांतीची एक व्हीसीडी होती. गावातल्या शूटिंगवाल्यानं काढलेली. हिरवी पाठ, कागदी स्टिकर, मंत्रांच्या खाली परवानगी न घेता घातलेली सनई आणि पंगतीला चालू पिक्चरमधलं गाणं. दादाच्या एकाही कसोटीला ती उतरली नसती, आणि तो तसं म्हणायचाही. छापलेल्या सीडीतला खड्डा उन्हापावसाला सहसा दाद देत नाही, भाजलेला रंग मात्र उडतो. उष्णतेनं लवकर, उजेडानं आणखी लवकर. त्यामुळं आमच्या घरात भिकार पिक्चरांच्या सीडी धडधाकट राहिल्या आणि साठीशांतीची बसली. पुण्यात एकानं पुष्कळ खटपट करून सुरुवातीचा तुकडा काढून दिला. त्यात दादा दिसत नाही. होम चाललाय, आप्पा पाटावर बसलेत, आणि कॅमेऱ्याच्या मागून त्याचा आवाज येतो: "अरे कॅमेरा खाली घे की, नुसता पंखा दिसतोय." वहिनीनं तो तुकडा मोबाईलवर ठेवलाय.

पेट्या जागा अडवत होत्या. यंदा कोल्हापूरचा एक तरुण आला, जुन्या मराठी पिक्चरांच्या व्हीसीडी जमवणारा. मोबाईलची बॅटरी लावून एकेक बघायला लागला. एका तमाशापटाची जोडी त्यानं बाजूला टाकली. "ही डुप्लिकेट आहे. कव्हर झेरॉक्स आहे."

"कव्हर पुरात गेलं, मी झेरॉक्स काढून घातलंय. सीडी बघा."

"पाठ पांढरी आहे, पण छापलेल्या डुप्लिकेटही असतात."

म्हणजे त्याला येत होतं. मी गल्ल्यातलं भिंग काढून दिलं. त्यानं पहिल्या सीडीचं कडं वाचलं, अक्षरं पुटपुटला, मान हलवली. मग दुसरी उचलली, आणि थांबला. "हिची पाठ हिरवी आहे. आणि हे ‘डु’ काय आहे?"

पहिली फुटली नाही तर दुसरी फुटते, लायब्ररीत असं चालायचंच. दादानं दुसरी डाव्या भिंतीवरची लावून जोडी पुरी केली असणार, आणि लिहूनही ठेवलं होतं. मी ते सांगितलं. तो म्हणाला, मग पहिलीचेच पैसे देतो. मी म्हटलं, दुसरी तशीच घेऊन जा, पिक्चर पुरा व्हायला नको का? संग्रहात डुप्लिकेट ठेवत नाही म्हणाला, आणि बाकीच्यांचाही भाव पाडून, दीडशे रुपये कमी देऊन गेला.

ती दुसरी सीडी आम्ही रात्री लॅपटॉपच्या ड्राईव्हला लावून बघितली. एका वाक्याच्या मधोमधच सुरू झाली. पाटलाचा त्या फडावर एवढा राग का, हे वहिनीनं मला तीनदा विचारलं. मला काय माहीत. पहिली सीडी एव्हाना कोल्हापुरात पोचली होती.